उजव्या खुर्चीला वाचा कोण देणार?

प्रवासी विमानाच्या कॉकपिटमध्ये दोन खुर्च्या असतात. डावीकडे कॅप्टन बसतो, उजवीकडे फर्स्ट ऑफिसर. ज्याला आपण आजवर को-पायलट म्हणत आलो तो. विमान दोघांनाही चालवता येते, दोघांपुढे सारखीच यंत्रे असतात आणि दोघांनी एकमेकांवर नजर ठेवावी असा नियम आहे. खुर्च्यांमधले अंतर हातभराचे. परंतु आपल्या देशात त्या हातभर अंतरात हुद्दा, वय, कर्ज, भीती आणि 'मोठ्यांच्या पुढे बोलू नये' हा संस्कार इतके सगळे येऊन बसते की उजव्या खुर्चीतला आवाज डाव्या खुर्चीपर्यंत पोचत नाही. पोचला तरी त्याचे काही होत नाही. या अंतरात माणसे मेली आहेत. हे विधान मी भडकपणासाठी करीत नाही, त्याला सरकारी चौकशी अहवालांचा आधार आहे.

शाळामास्तराला विमानातले काय कळते, असे कोणी विचारील. विमान मला चालवता येत नाही, हे खरे. पण उजव्या खुर्चीत बसणारे पोर कधी ना कधी माझ्यासारख्याच कोणाच्या तरी वर्गात बाकावर बसलेले असते. आणि मोठा माणूस चुकत असताना तोंड उघडायचे की मिटून घ्यायचे, याचे पहिले धडे ते तिथेच गिरवते. तेव्हा या प्रकरणात माझा काहीच संबंध नाही असे मला म्हणता येत नाही.

आता मंगळूर. २२ मे २०१०च्या सकाळी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान टेकडीच्या माथ्यावरच्या धावपट्टीवर उतरले ते थांबलेच नाही. धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले. १५८ माणसे गेली, ८ वाचली. कॅप्टन परदेशी आणि अनुभवी होता. कॉकपिटमधले संभाषण टिपणाऱ्या यंत्रात सुमारे दोन तासांचे ध्वनिमुद्रण सापडले. त्यातला पहिला सुमारे एक तास चाळीस मिनिटे कॅप्टन झोपेत होता. उतरायच्या वेळी विमान हवे त्यापेक्षा फार उंचावर होते. अशा वेळी उतरण्याचा नाद सोडून पुन्हा वर जायचे आणि फेरी मारून नव्याने यायचे असते. याला 'गो अराउंड' म्हणतात. त्यात कमीपणा नाही, गुन्हा तर नाहीच. फर्स्ट ऑफिसरने हे शब्द तीनदा उच्चारले. धोक्याची सूचना देणारे यंत्रही ओरडत होते. कॅप्टनने विमान खाली नेले.

चौकशी न्यायालयाने कॅप्टनला दोष दिला, ते उघडच होते. पण त्याच अहवालात एक दुय्यम कारण नोंदवले आहे, ते मला मुख्य कारणाहून अधिक हादरवणारे वाटते. 'गो अराउंड' करण्याचा अधिकार को-पायलटला केव्हा असतो याविषयीच्या सूचनांतच संदिग्धता होती. बहुधा त्यामुळे फर्स्ट ऑफिसर सांगत राहिला, पण त्याने विमान स्वतःच्या हाती घेतले नाही. म्हणजे १५८ जणांच्या आणि दरीच्या मध्ये जो एक माणूस उभा होता, त्याला आपण नेमके काय करू शकतो हे धडपणे सांगितलेले नव्हते!

यावरून धडा घेतला गेला असेल, असे तुम्हाआम्हाला वाटणार. ७ ऑगस्ट २०२० रोजी, मंगळूरनंतर दहा वर्षांनी, त्याच कंपनीचे दुबईहूनच आलेले विमान कोझिकोडला, तशाच टेकडीवरच्या धावपट्टीवर, पावसात उतरले. पहिला प्रयत्न सोडून दुसऱ्यांदा आले होते. धावपट्टी निम्मी संपल्यावर चाके टेकली. फर्स्ट ऑफिसरने 'गो अराउंड' म्हटले होते. विमान पुढे जाऊन खाली कोसळले, त्याचे तुकडे झाले. दोन्ही वैमानिकांसह २१ जण गेले. पुढच्या वर्षी आलेल्या अहवालाने दोन गोष्टी सांगितल्या: कॅप्टनने ती हाक मानली नाही, आणि फर्स्ट ऑफिसरने विमान ताब्यात घेऊन वर नेले नाही. दोन खुर्च्यांमधल्या अधिकाराच्या उताराचा उल्लेखही त्यात आहे. शिवाय असे आढळले की कंपनीच्या कोझिकोड तळावर फर्स्ट ऑफिसर सव्वीस आणि कॅप्टन फक्त एक होता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानासाठी त्याच कॅप्टनची गरज होती. आता सांगा, सव्वीसांमध्ये एक, उद्याच्या फेरीचे ओझे डोक्यावर. त्याचा निर्णय त्याचा एकट्याचा राहिला का?

हा कॅप्टन आपल्यातला होता, हवाई दलात नाव काढलेला. त्या आठवड्यात आपल्या घराघरांतल्या मोबाइलवर त्याच्या हौतात्म्याचे संदेश फिरले. इंधन संपवून, विमानाला घिरट्या घालायला लावून त्याने शेकडो जीव कसे वाचवले, याच्या कहाण्या लोक डोळे पुसत पुढे पाठवत होते. माणूस मोठा होता, याबद्दल मला शंका नाही. त्याच्या कुटुंबाचे दुःख माझ्या लेखणीच्या पलीकडचे आहे. पण वर्षभराने अहवाल आला तेव्हा तो वाचणारे किती निघाले? आपल्याला हार घालायला माणूस लागतो, नाहीतर जोडे मारायला. त्या माणसाला ज्या व्यवस्थेने त्या क्षणापर्यंत आणून सोडले, तिच्याकडे पाहण्याचा आपल्याला कंटाळा. २०२५च्या जूनमध्ये अहमदाबादच्या अपघातानंतर तर अंतिम अहवालाची वाट न पाहता दिवाणखान्यांतून निकाल लागले, म्हणून त्या अपघाताविषयी मी येथे एक अक्षर लिहिणार नाही.

हा रोग एकट्या हिंदुस्थानचा नाही. विमानवाहतुकीच्या इतिहासातला सर्वांत भयंकर अपघात २७ मार्च १९७७ रोजी तेनेरिफ बेटावर झाला. धुक्यात दोन जंबो विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मेली. परवानगी न मिळताच विमान सुटले ते डच कंपनीचे, आणि त्याचा कॅप्टन कोण? कंपनीच्या जंबो विमानांच्या प्रशिक्षणाचा प्रमुख! कंपनीच्या जाहिरातीत त्याचे छायाचित्र होते. शेजारच्या फर्स्ट ऑफिसरची परीक्षा घेऊन त्याला या विमानासाठी पास करणाराही तोच. मागे बसलेल्या इंजिनिअरला शंका आली, समोरचे विमान धावपट्टीवरून बाहेर पडले नसेल तर? त्याने विचारलेसुद्धा. कॅप्टनने होकार देऊन विषय संपवला आणि इंजिनिअर गप्प बसला. ज्याने आपल्याला पास केले त्याला 'साहेब, तुम्ही चुकताय' म्हणायला कोणती छाती लागते, हे आपल्या कोणत्याही कार्यालयातल्या कारकुनाला विचारा.

मात्र पाश्चात्त्यांनी यातून काही शिकून घेतले. १९७८च्या डिसेंबरात अमेरिकेत पोर्टलंडजवळ एक विमान चाकांचा बिघाड शोधता शोधता इंधन संपून पडले. इंधन संपत आल्याचे इंजिनिअर आडून आडून सुचवत होता. त्यानंतर १९७९ मध्ये 'नासा'ने या प्रश्नावर परिषद भरवली आणि १९८१ मध्ये युनायटेड कंपनीने आपल्या वैमानिकांसाठी वेगळे शिक्षण सुरू केले. विषय काय? तर कनिष्ठाने स्पष्ट बोलायचे कसे आणि वरिष्ठाने ऐकायचे कसे. हे शिकवावे लागते, आपोआप येत नाही, हे त्यांनी मान्य केले. आपल्याकडेही हा विषय आता सक्तीचा आहे. कागदोपत्री सगळेच सक्तीचे असते.

आता पात्रतेकडे येऊ, कारण खरी मेख तिथे आहे. कोणताही अपघात झाला की एक मागणी हमखास येते: वैमानिकाच्या उड्डाणाच्या तासांची अट वाढवा. अमेरिकेने तेच केले. १२ फेब्रुवारी २००९च्या रात्री बफेलो शहराजवळ एक छोटे प्रवासी विमान घरावर कोसळून ५० जण मेले. वेग कमी झाल्याचा इशारा म्हणून कॅप्टनच्या हातातला दांडा थरथरला. अशा वेळी विमानाचे नाक खाली करायचे असते, त्याने ते वर ओढले. पुढे उघड झाले की तो उड्डाणाच्या अनेक परीक्षांत नापास झालेला होता आणि नोकरीच्या अर्जात त्याने हे पुरते सांगितले नव्हते. फर्स्ट ऑफिसर मुलगी तुटपुंज्या पगारावर देशाच्या दुसऱ्या टोकाला राहत होती. रात्रभर दुसऱ्या विमानांतून प्रवास करून, सर्दीने बेजार होऊन ती कामावर आली होती. मेलेल्यांच्या नातेवाइकांनी हिरिरीने लढा दिला, २०१० मध्ये कायदा झाला आणि २०१३ पासून फर्स्ट ऑफिसरलाही सर्वसाधारणपणे १५०० तासांची अट लागू झाली. पूर्वी २५० तासांवर भागत होते.

गंमत अशी, की बफेलोच्या त्या दोन्ही वैमानिकांचे तास १५०० हून अधिकच होते! त्याच कायद्यात थकव्याचे नियम होते, वैमानिकाच्या जुन्या निकालांची नोंद नव्या मालकाला मिळावी अशी तरतूद होती, कॅप्टनला नेतृत्व आणि कनिष्ठांना हाताशी धरून शिकवणे याचे शिक्षण द्यावे असेही होते. यातला तासांचा आकडा तीन वर्षांत अमलात आला. कॅप्टनच्या मार्गदर्शनाचा नियम २०२० मध्ये निघाला, नोंदींचा २०२१ मध्ये. जे मोजायला सोपे ते आधी, जे करायला अवघड ते दहा वर्षांनी. २००९ नंतर २०२५ पर्यंत अमेरिकेतल्या कंपन्यांना एवढा मोठा अपघात झाला नाही आणि त्याचे श्रेय १५०० तासांना देणारे पुष्कळ आहेत. पण युरोपातल्या नामांकित कंपन्या दोनअडीचशे तासांची मुले उजव्या खुर्चीत बसवीत आल्या आहेत, त्यांची विमाने काही रोज पडत नाहीत. फरक असा, की ती मुले आधी निवडलेली असतात आणि त्यांचा प्रत्येक तास कोणाच्या तरी डोळ्यांखाली गेलेला असतो. एकट्याने छोटे विमान घेऊन निरभ्र आकाशात हजार घिरट्या घातल्या, तर घिरट्या घालण्याचाच अनुभव वाढतो. वीस वर्षे एकाच टिपणवहीवर शिकवणाऱ्या मास्तराचा अनुभव वीस वर्षांचा म्हणावा की एका वर्षाचा, हा वाद शिक्षकखोलीत जुनाच आहे.

आपल्याकडे व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला दोनशे तास लागतात, पूर्ण कॅप्टनच्या परवान्याला पंधराशे. पण आपल्या तासांची गोष्टच वेगळी. वैमानिकांच्या बोलीत 'पार्कर पेनचे तास' असा एक शब्दप्रयोग आहे: विमान जागचे हलत नाही, पेन मात्र वहीत तास भरत जाते. २०११ मध्ये राजस्थानातल्या एका उड्डाणशाळेत असे न उडताच भरलेले तास लाचलुचपत खात्याने उघडकीला आणले. त्याच वर्षी जानेवारीत आपल्या शेजारी, गोव्यात दाभोळीला, एका प्रवासी विमानाचे पुढचे चाक आधी टेकले. अशा उतरण्याने विमानाला इजा होते. चौकशी होता होता समजले की कॅप्टनने परवान्यासाठी दिलेली गुणपत्रिकाच बनावट होती. मग आणखी नावे निघाली, अटका झाल्या. दाभोळीला चाक नीट टेकले असते, तर ते कागद आजही फायलीत सुखाने झोपलेले असते.

आणि ज्या लेखी परीक्षांच्या या गुणपत्रिका, त्या तरी कशा? पर्याय निवडण्याच्या. सत्तर टक्क्यांना पास. प्रश्नसंच बाजारात मिळतात, मुले ते घोकतात. आमच्याकडे एसएसएलसीला गाइड घोकणारा आणि तिकडे हवामानशास्त्राचे प्रश्न घोकणारा, भाऊभाऊच. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवे ही अट काढावी, असा विचार २०२५ मध्ये चर्चेला आला होता. विज्ञान शाखा नसलेल्या हुशार मुलांसाठी दार उघडण्यास माझा विरोध नाही. पण घोकंपट्टीचे दार उघडे ठेवून विषयांवर चर्चा करायची, हे म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

आता घरचा विषय. २०२१ मध्ये विमानतळ प्राधिकरणाने वैमानिक प्रशिक्षण संस्थांसाठी ज्या पाच विमानतळांवर जागा दिल्या, त्यांत आपले बेळगाव होते; जळगाव, कलबुर्गी, खजुराहो आणि लीलाबारी ही बाकीची. तेव्हापासून सांबऱ्याच्या आसपास ही दोन आसनी विमाने घरघरत असतात. मे २०२३ मध्ये त्यांतले एक होन्निहाळजवळच्या शेतात उतरले, तेव्हा सारा परिसर बघायला लोटला होता. वर्गात गणित चालू असताना ती घरघर आली की मुलांच्या माना खिडकीकडे वळतात, आणि मी त्यांना रागावत नाही. मला राग वेगळ्याचा येतो. मुतगा, निलजी, मुचंडी, सांबरा या गावांच्या डोक्यावरून जाणाऱ्या त्या विमानांत या गावांतले पोर बसायचे, तर बापाचे शेत विकावे लागते.

गेल्या वर्षी असेच एक पालक शाळेत आले. मुलगा पीयूसी सायन्सला, चुणचुणीत, माझा जुना विद्यार्थी. म्हणाले, "सर, पोरगं पायलटच होतो म्हणून बसलंय बघा. पंधरा लाख आधी भरा म्हणालेत. रस्त्याकडचं रान घालावं म्हणतो. काय करूया, तुम्ही सांगा." मी विचारले, "अहो, त्याची परीक्षा कसली घेतली त्यांनी?" तर म्हणे, "परीक्षा नाही, मुलाखत झाली की. धा मिनिटं. पोरगं हुशार आहे म्हणाले." वैद्यकीय तपासणी? ती नंतर. डोळ्यांना रंग नीट दिसतात की नाही? तेही नंतर. हातात एक गुळगुळीत पुस्तिका होती, तीवर शंभर टक्के नोकरीची हमी ठळक अक्षरांत. संस्थेचे नाव मी लिहीत नाही. अशा पुस्तिका छापणारी ती काही एकटी नाही. त्यांना मी एवढेच सांगितले, की पहिल्या श्रेणीचे वैद्यकीय प्रमाणपत्र हातात येईपर्यंत रानाच्या उताऱ्याला हात लावू नका.

हिशेब मांडून पाहा. व्यावसायिक परवान्यापर्यंत पन्नास-साठ लाख सहज जातात. त्यानंतर विशिष्ट जातीच्या मोठ्या विमानाचे शिक्षण, ज्याला टाइप रेटिंग म्हणतात, त्याचे पंधरावीस लाख वेगळे. आणि ते बहुधा उमेदवारालाच भरावे लागतात. कंपन्यांच्या स्वतःच्या 'कॅडेट' योजना कोटीच्या घरात. म्हणजे ज्या मालकाच्या यंत्रावर काम करायचे, त्या यंत्राचे शिक्षणही नोकराने पदरचे पैसे घालून घ्यायचे! गवंड्याला कोणी असे सांगितले तर तो थापी फेकून जाईल. या पैशाच्या मोबदल्यात मिळते काय? सरकारच्या विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२५ मध्ये प्रशिक्षण संस्थांची पहिल्यांदा प्रतवारी लावली. वरच्या श्रेणीत एकही संस्था बसली नाही. तेरा 'बी'त, बावीस 'सी'त.

हवाई दलाची रीत बघा. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत जायला आधी देशभरच्या परीक्षेची चाळणी, मग मुलाखती. वैमानिक होण्याच्या अंगच्या क्षमतेची चाचणी तर आयुष्यात एकदाच देता येते. तीत नापास झाला तो दुसऱ्या शाखेत जातो, पण घरी कर्ज घेऊन परतत नाही. चाळणीतून उतरलेल्यावर खर्च सरकार करते. नागरी विमानवाहतुकीत सगळे उलटे: आधी बापाचा खिसा चाळायचा, मग खर्च करायचा आणि मुलाची क्षमता शेवटी कधीतरी पाहायची. मराठा रेजिमेंटच्या आणि हवाई दलाच्या प्रशिक्षण केंद्रांच्या या गावात हा फरक कोणाला समजावून सांगावा लागू नये. परदेशातही सगळे पैसेवाल्यांचेच राज्य आहे असे नाही. ब्रिटिश एअरवेजने २०२३ मध्ये निवडलेल्या उमेदवारांचा शिक्षणखर्च स्वतः उचलण्याची योजना आणली.

आणि आता मूळ मुद्द्याशी हे जोडून बघा. कर्जाच्या हप्त्याखाली दबलेला चोवीस वर्षांचा मुलगा उजव्या खुर्चीत बसला आहे. घर तारण आहे. बाजारात परवाना घेऊन नोकरीसाठी थांबलेले शेकडो आहेत, हे त्याला ठाऊक आहे. शेजारचा कॅप्टन उद्या त्याच्याविषयी दोन ओळी लिहिणार आहे. हा मुलगा 'साहेब, मी विमान हाती घेतो' म्हणेल? कर्जबाजारी माणसाच्या जिभेवर पहिला हक्क सावकाराचा असतो.

कोणी म्हणेल, वैमानिकांची तर टंचाई आहे. पुढच्या पंधरावीस वर्षांत तीस हजार वैमानिक लागतील असे केंद्रातल्या मंत्र्यांनी २०२५ मध्ये सांगितले, आणि ते वाक्य संस्थांच्या पुस्तिकांत लगेच छापूनही आले. पण टंचाई मुख्यतः असते ती अनुभवी कॅप्टनांची. दोनशे तासांचे परवाने २०२३ या एका वर्षात सोळाशेच्या वर वाटले गेले. शिवाय कंपन्याच बंद पडतात. किंगफिशर २०१२ मध्ये, जेट २०१९ मध्ये, गो फर्स्ट २०२३ मध्ये थांबली. मुलांचे हप्ते थांबले नाहीत. डिसेंबर २०२५ मध्ये देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीने हजारो फेऱ्या रद्द केल्या तेव्हा आपल्यापैकी कित्येक जण विमानतळावर ताटकळले असतील. कारण काय होते? वैमानिकांना आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची विश्रांती आणि रात्रीच्या उतरण्यांवर बंधन घालणारे नियम. ते जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाले होते. जवळपास दोन वर्षे हाती असून पुरेशी तयारी झाली नाही, आणि शेवटी नियमालाच तात्पुरती सूट मिळाली. मंगळूरच्या कॉकपिटमधल्या त्या झोपेचे ध्वनिमुद्रण सूट देणाऱ्यांनी एकदा ऐकायला हवे होते.

आपल्या द्विभाषिक जिल्ह्यातल्या पालकांच्या मनात आणखी एक भूत बसलेले आहे, तेही उतरवून टाकतो. मराठी नाहीतर कन्नड माध्यमात शिकलेले पोर विमानात काय बोलणार, म्हणून पहिलीपासून इंग्रजी शाळा. भाषा महत्त्वाची आहेच. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी चरखी दादरीच्या आकाशात दोन विमाने आदळून ३४९ जण मेले, तेव्हा कझाक विमानाचे वैमानिक इंग्रजी बोलण्यासाठी रेडिओ ऑपरेटरवर विसंबून होते. त्यानंतर आंतरराष्ट्रीय संघटनेने इंग्रजीच्या सहा पायऱ्या ठरवल्या आणि वैमानिकाला चौथी पायरी सक्तीची केली. त्या चौथ्या पायरीच्या व्याख्येत उच्चारांवर मातृभाषेची छाप चालते. समजण्यात फार अडथळा येऊ नये, एवढेच बंधन. साध्या, नेमक्या, न अडखळता बोललेल्या इंग्रजीची ती परीक्षा आहे. घरी मराठी, बाजारात कन्नड, टीव्हीवर हिंदी असे तीन भाषांत वाढलेले आपले पोर चौथी सहज शिकते. त्याला शिकवले जात नाही ते हे, की कोणत्याही भाषेत 'नाही' कसे म्हणावे.

आमच्या शाळांविषयीही बोलतो, नाहीतर पक्षपात होईल. फळ्यावर गुरुजींचे गणित चुकले तर मागच्या बाकावरच्या मुलाला ते दिसते. सांगतो तो आगाऊ ठरतो, न सांगणारा संस्कारी. प्रगतिपुस्तकात 'आज्ञाधारक' हा शेरा आम्ही कौतुकाने लिहितो. या शेऱ्याचीच पोरे पुढे उजव्या खुर्चीत बसतात. घरीही तेच, वडील बोलत असताना मध्ये तोंड घालणाऱ्याला काय मिळते, ते मी सांगायला नको. आणि याच वेळी तळपद्यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर विमान उडवल्याच्या गोष्टीवर आम्ही स्नेहसंमेलनात नाट्यछटा बसवतो! ज्या ग्रंथाच्या आधारे या बढाया मारल्या जातात, त्यातली विमाने उडू शकत नाहीत असे बंगळूरच्या विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी १९७४ मध्येच दाखवून दिले आहे. वर्गात ते सांगणाऱ्या मुलालाही आगाऊच म्हणतात.

तेव्हा माझी मागणी काय, ते सरळ लिहितो. एक पैसाही घेण्यापूर्वी देशपातळीवर क्षमतेची चाचणी घ्या आणि तीत उतरलेल्यांच्या कर्जाची हमी सरकारने किंवा कंपनीने घ्यावी. काही राज्यांत शिष्यवृत्त्या आहेत, त्या मूठभरांना पुरतात. टाइप रेटिंगचा खर्च ज्याचे विमान त्याने करावा, हवे तर काही वर्षांचा करार लिहून घ्यावा. नव्या फर्स्ट ऑफिसरला पहिले वर्षभर एक जाणता कॅप्टन मार्गदर्शक म्हणून नेमून द्यावा. पण तो त्याचा परीक्षक असता कामा नये, कारण परीक्षकापुढे कोणी अडचण उघड करीत नाही. कॅप्टनपदाची बढती देताना त्याच्याबरोबर उजव्या खुर्चीत बसलेल्यांचे गुप्त मत विचारावे. आणि 'गो अराउंड' हा शब्द उजव्या खुर्चीतून आला की तो हुकूम समजावा. तो न मानणाऱ्या कॅप्टनची, विमान सुखरूप उतरले तरीही, चौकशी व्हावी. सुखरूप उतरलेल्या चुकांचीच गणती आपल्याकडे होत नाही.

हे होईल तेव्हा होईल. तोवर ज्यांच्या घरी असे स्वप्न पाहणारा मुलगा किंवा मुलगी आहे, त्यांनी चेकवर सही करण्यापूर्वी संस्थेला काही गोष्टी विचाराव्यात. मुलींचे मी मुद्दाम लिहिले. आपल्या देशात वैमानिकांत सुमारे पंधरा टक्के स्त्रिया आहेत, हे प्रमाण जगाच्या मानाने फार चांगले आहे. आज उडण्याच्या स्थितीत विमाने किती? शिक्षक किती, आणि गेल्या वर्षभरात किती सोडून गेले? दोनशे तास पुरे व्हायला मागच्या तुकडीला प्रत्यक्षात किती महिने लागले? मध्येच सोडल्यास पैसे किती परत? मागच्या तुकडीतले किती जण आज कुठे नोकरीला आहेत? महासंचालनालयाच्या प्रतवारीत संस्थेचा क्रमांक कोणता? उत्तरे तोंडी घेऊ नका. संस्थेच्या कागदावर, शिक्क्यानिशी मागा. आणि मागताना मुलाला शेजारी बसवा.